सभा अजून उठलेली नाही

चौथा महिना, तारीख २२, १८५५
आयोवा

केझाया,

हे पत्र तू न उघडता चुलीत टाकणार नाहीस, एवढं धरून लिहायला बसले आहे. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तूही मला लिहिली नाहीस. जमा आणि खर्च सारखाच, तेव्हा ते पान इथेच मिटवू. कागद एकच आहे. आधी आडवं लिहीन, मग कागद फिरवून त्याच अक्षरांवरून उभं. आईची पत्रं आपण अशीच वाचायचो, तुला जमेल.

बातमी अशी की आम्ही इंडियाना सोडलं! झिमरी, मी, दोन्ही मुली, एक गाडी, दोन बैलजोड्या आणि आईची पितळी किटली. (किटली माझ्याकडे आहे. तू विचारणार होतीसच.) मिसिसिपी ओलांडताना धाकटी म्हणाली, "आई, आता परत कसं जायचं?" झिमरी म्हणाला, "जायचंच नाही, म्हणून तर ओलांडतोय." मी तोंड फिरवून नदीकडे बघत बसले.

पण आता इथे येऊन बघ! झाडं म्हणशील तर ओढ्याकाठी तेवढी, आणि तिथून पुढे आभाळाला टेकेपर्यंत नुसतं गवत. यंदाचं अजून पावलाएवढंच आहे, पण मागच्या वर्षीचं वाळलेलं घोड्याच्या पोटाला लागतं. वारा आला की सगळं माळरान कूस बदलतं. मी दारात उभी राहते आणि हातातलं काम विसरते. मी, केझाया! जिची पोळी कधी करपली नाही ती!

आम्ही आठ घरं आहोत, सगळी आपल्या स्नेही पंथाची. परवा गावाची आखणी झाली. दोन रस्ते, मध्ये विहीर, विहिरीच्या वरच्या अंगाला सभाघर. दोरीचं एक टोक झिमरीकडे आणि दुसरं माझ्याकडे होतं. म्हणजे मोठा रस्ता माझ्या अंगठ्यापासून सुरू झाला आहे, हे लक्षात ठेव. सरकारी मोजणीदार आला होता. झिमरीने त्याला, सगळ्यांना तू म्हणायच्या आपल्या रीतीने, "तू कुठला?" म्हणून विचारलं. तो लालच झाला. म्हणाला, "मला तू म्हणतोस? मी तुझा गडी आहे काय?" झिमरी शांतपणे म्हणाला, "नाही. तू माझा भाऊ आहेस." ते त्याला जास्तच लागलं. न जेवता गेला बिचारा, आणि मी मक्याच्या भाकरी त्याच्या वाट्याच्याही केल्या होत्या.

आमच्या आधीही इथली मूळची माणसं इथे मका लावत होती. त्यांचे मातीचे उंचवटे ओढ्याच्या वळणावर अजून दिसतात. आमच्यासारख्यांसाठी त्यांना इथून घालवलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिथे नांगर घालायला कुणाचा हात उठत नाही. तो तुकडा तसाच ठेवायचं ठरलं.

गावाला नाव मात्र मिळालेलं नाही. इनॉस म्हणतो बेथेल, बायबलातलं देवाचं घर; बाकीच्यांचं ठरत नाही. इनॉस आमच्यातला सगळ्यात वडील. मौन प्रार्थनेच्या सभेत समोरच्या बाकावर तोच बसतो, आणि शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवून सभा तोच उठवतो. खरा देवमाणूस आहे. पहाटे उठून शेजाऱ्यांची लाकडं फोडून ठेवतो आणि कुणी आभार मानले की रागावतो.

तुझ्या नवऱ्याचा, रूफसचा, भाता अजून चालतो ना? अशीच चौकशी. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझी बहीण,
थर्झा

*

सहावा महिना, तारीख १७

केझाया,

उत्तर आलं नाही. मी म्हटलंच होतं, दिलंच पाहिजे असं नाही. तरी टपालाची गाडी आली की मी हात पुसून बाहेर येते. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आमचा मका कमरेला आला! कोंबड्या अंड्यांवर बसल्या. विहिरीला पाणी लागलं तेव्हा पहिला पोहरा इनॉसने चाखला आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने आधी दाढी पुसली. मग म्हणाला, "गोड आहे." तेवढ्यावर आठही घरांतल्या बाया रडल्या. हसू नकोस.

इथली जमीन मात्र लोखंड खाते. नांगर चालतो तेव्हा गवताची मुळं तुटताना जाड कापड फाडल्यासारखा आवाज येतो आणि आठवड्याभरात फाळ बोथट होतो. पाजवायला जवळचा लोहार दोन दिवसांच्या वाटेवर. जायचे दोन, यायचे दोन, आणि तो दारू पिऊन पडलेला असला तर मधले किती ते देव जाणे.

आता खरं ते लिहिते, कारण कागदाची ही बाजू संपत आली.

नकाशात विहिरीजवळची कोपऱ्याची जागा रिकामी आहे. ओढा जवळ, रस्ता समोर. पहिल्या दिवसापासून माझा डोळा तिच्यावर आहे. गेल्या कामकाजाच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लोहार आहे. ती जागा त्याला द्यावी."

इनॉसने विचारलं, "स्नेही आहे?"

"नाही. मेथडिस्ट आहे."

"म्हणजे तुझी बहीण पाद्र्यासमोर लग्न लावून सभेबाहेर गेली, तीच ही?"

"तीच ही," मी म्हटलं.

इनॉस टोपीची कड कुरवाळत बसला. मग म्हणाला, "थर्झा, मी तिला वाईट म्हणत नाही. पण ही माणसं देवाशीसुद्धा ओरडून बोलतात. दिवसभर घण, रविवारी गाणी, तेही सभाघरासमोर. आपण इतक्या लांब आलो ते शांततेसाठी. माझं मन याला मोकळं होत नाही."

झालं. आपल्यात हात वर करून मोजणी नसते, हे तू विसरली नसशील. एक मन अडलं की सगळी सभा थांबते. चिटणीस झिमरीच. त्याने पुढचा विषय घेतला आणि घरी येऊन माझ्याशी फार गोड बोलला. त्याला मी रात्रीचं जेवण जरा गार वाढलं.

इनॉस मागाहून दारात आला होता. म्हणाला, "तिने चुकले असं लिहून दिलं तर सभा तिला उद्या परत घेईल." मी म्हटलं, "ती लिहून देणार नाही." तो म्हणाला, "तू विचारून तर बघ." मी म्हटलं, "विचारणार नाही. रूफसशी लग्न केलं ही चूक होती असं तिने लिहिलं, तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहिलेलं सभेत कसं चालेल?" त्याने टोपी सारखी केली, आणि मी त्याला ताक दिलं.

तेव्हा मी तुला काही मागत नाही. मला लोहार हवा आहे हे सगळ्यांना सांगितलं, पण मला तू हवी आहेस, हे फक्त इथे लिहिते.

थर्झा

*

आठवा महिना, तारीख ३०

केझाया! केझाया!

तुझं पत्र आलं! एवढा महागाचा कागद, एवढा मोठा लाखेचा शिक्का, आणि आत एकच ओळ! "तुमच्या गावात मोठ्याने शिंकायची परवानगी आहे का, ते आधी कळव." मी विहिरीवरच हसत सुटले. शेजारणीला वाटलं मला ऊन लागलं. वाचून दाखवल्यावर तीही हसली आणि मग तोंडावर हात धरून म्हणाली, "इनॉसला नको सांगू."

मी त्याला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाला, "शिंकायला हरकत नाही." म्हातारा थट्टा करत होता की काय, अजून कळलेलं नाही.

आता नीट ऐक. नवव्या महिन्याच्या शेवटी अनेक गावांच्या मोठ्या सभेकडून समिती येणार आहे, दोन पुरुष आणि दोन बाया. ते आमच्यात बसतील, आम्ही खरोखर एक सभा आहोत की नुसते आठ चुलींचे लोक, ते बघतील. त्यांचं मन भरलं की इथली सभा रीतसर स्थापन झाली. लगेच जागांचं कायमचं वाटप होणार, आणि ओहायोतली तीन घरं निरोपाची वाट बघत बसली आहेत. कोपऱ्याची जागा तोवरच रिकामी. त्यानंतर ती दुसऱ्याची. म्हणजे माझ्याकडे महिनाभर आहे, आणि इनॉसचं मन जिथे होतं तिथेच आहे.

मी रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेते. त्यात माझा स्वार्थ आहे हे देवाला माहीत आहे, तेव्हा लपवत नाही.

तयारी जोरात! सभाघराला छप्पर चढलं. मी मेपलची साखर जपून ठेवली आहे. गुलामांच्या घामाची साखर अजूनही आपल्याकडे येत नाही, तुझ्याकडेही येत नसावी अशी आशा. ओढ्यापलीकडची प्लमची झाडी फळांनी लाल झाली आहे. मुरांबा घातला.

एकच काळजी. गावाभोवती नांगराचे दोन रुंद पट्टे मारायचे होते, म्हणजे गवत पेटलं तरी आग उघड्या मातीवर अडते. पण दोन्ही फाळ पाजवायला गेलेत ते अजून आले नाहीत. एकदा आले की काम एका दिवसाचं. पाऊस नाही. गवत इतकं कोरडं की चालताना कुरकुरतं.

इनॉसच्या सुनेचे, सुसानाचे, दिवस भरत आले आहेत. तिचं घर पश्चिमेला, सगळ्यात टोकाला. मी रोज जाते.

शिंक खुशाल. मी खात्री देते.

थर्झा

*

दहावा महिना, तारीख २

केझाया,

हात अजून काळे आहेत, कागदाला डाग पडले तर पडू देत. सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे तू पुढचं निवांत वाचशील.

परवा, पहिल्या वारी (तुमच्या रविवारी), समिती आमच्यात बसली. नवं सभाघर, लाकडाचा वास, पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. समोरच्या वडीलधाऱ्यांच्या बाकावर इनॉस, आणि त्याला लागून, बायांच्या अंगाला, समितीतली हल्डा. ही हल्डा सत्तरीची, काठीसारखी ताठ. तिची नजर फिरली की आपली पाठ आपोआप सरळ होते. सुसाना तेवढी घरी होती, चार दिवसांची बाळंतीण.

अशी शांतता पडली, केझाया! इतक्या वर्षांत मला अशी मिळाली नव्हती. मी मनात म्हटलं, आता यांचं मन भरणार.

आणि मला धुराचा वास आला.

पहिल्यांदा वाटलं, कुणाची तरी चूल. मी डोळे उघडले. समोर शेजारणीचेही डोळे उघडे. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. पलीकडे झिमरीची नाकपुडी हलली. सगळ्यांना वास आला होता! आणि सगळे बसून! कारण आतून देवाचा हुकूम झाल्याशिवाय सभेत बोलायचं नाही, आणि वास आला हा काही आतला हुकूम नव्हे. शिवाय समोर समिती. जो तो म्हणत असणार, इनॉस वडील आहे, तो हात मिळवून सभा उठवेल.

इनॉस झोपला होता.

हनुवटी छातीवर, टोपी डोळ्यांवर. मला दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. हल्डा सरळ समोर बघत होती. तिला वाटलं असावं, इथे धुरातही बसून राहायची रीत असेल. खिडकीत उजेड पिवळा झाला, मग तांबूस. मी म्हटलं, देवा, मला सांग. एक शब्द सांग. काही ऐकू येईना. मग मनात आलं, पश्चिमेला सुसाना.

मी उभी राहिले. आणि केझाया, आपण दोघी बाबांच्या शेताच्या टोकावरून गाई बोलवायचो, आठवतं? बाबा मला म्हणायचे, मुलीच्या जातीला इतका घसा बरा नाही. मी आवरला. तू नाही आवरलास. तो सगळा माझ्या पोटात तसाच पडून होता!

"आग लागली!"

छपराच्या फळ्या हलल्या. इनॉस दचकून उठला आणि त्याने सवयीने हात पुढे केला, पण घ्यायला शेजारी कुणी नव्हतं. हल्डा तोवर दाराबाहेर होती.

पश्चिमेकडून येत होती, लांबच्या लांब रांग, वारा तिच्या पाठीशी. झिमरीने आणि बाकीच्या पुरुषांनी घरांच्या अलीकडे गवताला आपणच आग लावायला घेतली, म्हणजे मोठी येईल तेव्हा तिला खायला काही उरू नये. त्या दारुड्या लोहाराकडून फाळ परत आले असते तर हे करावंच लागलं नसतं. बाया ओली पोती घेऊन धावल्या. सुसानाचं घर या दोन्ही आगींच्या मध्ये येणार होतं. इनॉस "सुसाना! सुसाना!" म्हणत होता, पण जन्मभर हळू बोललेला माणूस तो, त्याचा आवाज त्याच्या दाढीतच राहिला. माझ्याकडे वळून म्हणाला, "थर्झा, तू हाक मार. तू मार!"

मी धावत होते आणि हाका मारत होते. धुरात काही दिसेना. शेवटी दार उघडलं. ती अंगावर रजई घेऊन, बाळ छातीशी धरून, अनवाणी माझ्या आवाजाच्या रोखाने आली. मागाहून म्हणाली, "दिसत काहीच नव्हतं गं. तू ओरडत राहिलीस म्हणून वाट कळली." तिचं घर गेलं. आमच्या वैरणीच्या दोन गंजी गेल्या. बाकी गाव उभं आहे! सभाघर उभं आहे! प्लमच्या झाडीपाशी ओढ्यावर आग थांबली. झाडी हिरवीची हिरवी!

संध्याकाळी सगळे जळक्या जमिनीवर येऊन कोसळलो. कुणाच्या भुवया नाहीत, कुणाची बाही नाही. मी म्हटलं, संपलं. समिती आता काय म्हणणार? सभा चालू असताना एक बाई गाई बोलवल्यासारखी ओरडली!

हल्डा काठी टेकून उभी होती. तोंड कोळशासारखं. म्हणाली, "बसा सगळे."

"बसलोच आहोत," झिमरी म्हणाला.

"नीट बसा. सभा अजून उठलेली नाही."

खरंच की! हात कुणी मिळवलेच नव्हते! मग त्या काळ्या राखेत, पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, आम्ही पुन्हा गप्प बसलो. सुसानाचं बाळ रडलं, गप्प झालं. धूर वर गेला आणि तारे दिसायला लागले. इनॉस टक्क जागा होता. बऱ्याच वेळाने त्याने हल्डाकडे हात केला, तिने धरला. दोन्ही हात काळे. सभा उठली.

जाताना हल्डा माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "सभेत पन्नास वर्षं बोलणं ऐकते आहे. याहून थोडक्यात कुणी बोललं नाही, आणि याहून खरं क्वचित."

कामकाजाची सभा येत्या पाचव्या वारी. कोपऱ्याच्या जागेचं काय, ते मला विचारू नकोस. मला झोप लागत नाही.

थर्झा

*

दहावा महिना, तारीख ५

केझाया,

चूल पेटवायच्या आधी लिहिते आहे, टपालगाडी सकाळीच जाते.

समितीने सभा मंजूर केली. त्यावर मी देवाचे आभार मानते. आता दुसरं.

काल झिमरीने नकाशा पसरला. सगळ्या जागा वाचल्या आणि शेवटी कोपऱ्याच्या जागेशी आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पण तोंड उघडलं नाही. त्या दिवशी जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

इनॉस उभा राहिला. डोळे मिटलेले. मला वाटलं, पुन्हा झोपला की काय.

"त्या दिवशी मी झोपलो होतो," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी मला हलवलं नाही. इतके आपण शांत." कुणीतरी खोकलं. "फाळ वेळेवर असते तर सुसानाचं घर राहिलं असतं. आवाज नसता तर सुसानाच राहिली नसती. मी शांतता मागत होतो. मला वाटायचं, ती आवाज नसला की मिळते." मग माझ्याकडे वळला. "थर्झा, तुझ्या बहिणीचा घसा तुझ्याइतकाच आहे का?"

"माझ्याहून मोठा," मी म्हटलं.

"आणि तिच्या नवऱ्याचा?"

"दोघींचा मिळून होईल एवढा."

इनॉसने मान हलवली. "सभा चालू असेल तेव्हा घण बंद. हे त्याला सांग. पण धूर दिसला तर त्याने सभा मोडावी. मी आत्ताच सांगून ठेवतो, विचारत बसू नये." आणि मग तो म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते: "माझं मन मोकळं आहे."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "माझंही." मग एकेक करून सगळे. झिमरीने लिहून घेतलं. लिहिताना शाई सांडली, आणि मी त्याला रागावलेसुद्धा नाही!

गावाचं नावही ठरलं. बेथेल म्हणायला इनॉसच तयार होईना. म्हणाला, "आगीत जे हिरवं राहिलं त्याचं द्या." म्हणून प्लम ग्रोव्ह, प्लमची झाडी. पत्त्यावर हेच लिही.

आता लवकर निघा, बर्फाच्या आत. ऐरण गाडीच्या मधोमध ठेवा, नाहीतर नदीवर तराफा कलतो. बियाणं आण, साखर आणू नकोस. किटली तुझ्यासाठी घासून ठेवली आहे. ती तशीही तुझीच होती.

आणि एक. पूर्वेच्या चढावर आलात की गाव दिसेल, सात धुरांडी आणि एक काळं रान. तिथे पोचलात की रूफसला गायला सांग. मोठ्याने. तूही गा. आम्ही विहिरीपाशी गप्प उभे राहून ऐकत असू, आणि इनॉस सगळ्यांत पुढे असेल.

थर्झा